जावातला नल कुठे न्यायचा: कोटलिन, रस्ट, गो की टाइपस्क्रिप्ट?

जावातल्या ऑर्डरच्या क्लासात ‘सवलत’ नावाचं एक फील्ड आहे असं धरा, टाइप `इंटिजर`. त्यात ० असेल तर सवलत द्यायची नाही. नल (व्हॅल्यूच नाही) असेल तर अजून काही ठरलेलं नाही, म्हणून नेहमीचे १० टक्के लावायचे. कोड दुसऱ्या भाषेत नेताना पहिला बळी जातो तो अशाच फील्डचा. ० आणि नल एकमेकांत मिसळले तर प्रोग्राम क्रॅश होत नाही, फक्त बिल चुकतं. आणि चुकलेलं बिल हुडकणं क्रॅश हुडकण्यापेक्षा कटकटीचं असतं.

| भाषा | टाइप | नल असल्यास १० | तपासायचं राहिलं तर |
|---|---|---|---|
| कोटलिन | `इंट?` | `सवलत ?: १०` | कंपाइलर अडवतो |
| रस्ट | `ऑप्शन<आय३२>` | `अनरॅप_ऑर(१०)` | कंपाइलर अडवतो |
| गो | `*इंट` | `इफ` लावून निल (गोमधला नल) तपासायचा | चालताना पॅनिक (प्रोग्राम कोसळतो) |
| टाइपस्क्रिप्ट | `नंबर` किंवा `नल` | `सवलत ?? १०` | स्ट्रिक्ट नल चेक चालू असेल तरच कंपाइलर अडवतो |

सगळ्यात जास्त घात गो करते, म्हणून आधी तिच्याकडे. तक्त्यात `*इंट` लिहिलंय, पण घाईत भाषांतर करणारा माणूस साधा `इंट` लिहितो. साध्या `इंट`ला निल माहीतच नाही. काही भरलं नाही तर ०. म्हणजे ‘ठरलेलं नाही’चं निमूटपणे ‘सवलत नाही’ झालं. स्ट्रिंगचंही तेच, नलची रिकामी स्ट्रिंग होते. जेसनमध्ये (प्रोग्रामांनी एकमेकांना डेटा पाठवायचा मजकुरी साचा) आणखी एक खोच आहे: साध्या `इंट`वर `ओमिटएम्प्टी` (रिकामं फील्ड गाळायची खूण) लावलं तर खरोखरचं ०सुद्धा आउटपुटमधून गळतं. पॉइंटर (म्हणजे `*इंट`, व्हॅल्यूच्या जागेकडे बोट दाखवणारा) असेल तर फक्त निल गळतो, ०कडे बोट दाखवणारा पॉइंटर ० म्हणूनच लिहिला जातो. निल स्लाइस (गोमधली यादी) जेसनमध्ये `नल` म्हणून जाते आणि रिकामी स्लाइस `[]` म्हणून. पलीकडचा क्लायंट यादीवर लूप फिरवत असेल तर तिथे आपटतो. निल मॅपमधून वाचलेलं चालतं, लिहायला गेलं की पॅनिक.

एररच्या बाबतीत तर अनुभवी लोकही फसतात. फंक्शनमधला निल पॉइंटर स्वतःच्या एरर टाइपचा असेल आणि तो `एरर` इंटरफेस म्हणून परत केला, तर बाहेर `एरर != निल` खरं ठरतं, कारण इंटरफेसमध्ये टाइप भरलेला असतो. अशा ठिकाणी थेट `रिटर्न निल` लिहायचं.

कोटलिनकडे जायचं मोठं कारण म्हणजे जावा आणि कोटलिन एकाच प्रोजेक्टमध्ये नांदतात, त्यामुळे एकेक फाइल हलवता येते. पण खड्डाही याच सांध्यावर आहे. ॲनोटेशन नसलेल्या जावा मेथडकडून आलेल्या स्ट्रिंगला कोटलिन `स्ट्रिंग!` समजते: नल असेल किंवा नसेल, तुमचं तुम्ही बघा. टाइप न लिहिता ती व्हेरिएबलमध्ये घेतली तर नल पुढे सरकत राहतो आणि भलत्याच ओळीवर फुटतो. म्हणून रूपांतराच्या आधी जावाच्या बाजूला `@नलेबल` आणि `@नॉटनल` लावून घ्या. मग कंपाइलरला दिसायला लागतं. रूपांतरानंतर `!!` (‘इथे नल नाही, मी सांगतो’ असं कंपाइलरला बजावणारी खूण) किती उरलेत ते मोजा. प्रत्येक `!!` म्हणजे जुना नल पॉइंटर एक्सेप्शन नव्या कपड्यात.

रस्टमध्ये `अनरॅप`ची (`ऑप्शन`मधली व्हॅल्यू न तपासता काढण्याची) गत तीच. पहिल्या फेरीत सगळीकडे `अनरॅप` ठोकला तर एक्सेप्शनच्या जागी पॅनिक आला, बाकी काही बदललं नाही. शिवाय जावात नल पॉइंटर एक्सेप्शन `कॅच` करून पुढे चालणारा कोड असेल (असू नये, पण असतो), तर त्याला रस्टमध्ये सरळ जोड नाही. तो तर्क `मॅच`ने नव्याने मांडावा लागतो. मेमरीची भीती मात्र बाळगू नका: `ऑप्शन<बॉक्स<टी>>` साध्या पॉइंटरएवढीच जागा घेतो. `ऑप्शन<आय३२>` ४ऐवजी ८ बाइट घेतो, इतकंच.

रस्टला निर्विवाद वरचढ ठरवणारी एक जागा म्हणजे मॅप. जावात `गेट`ने नल दिला तर ‘की’ (व्हॅल्यू ज्या नावाने शोधतो ते) मुळात नाही, का तिच्यासमोर नल आहे, हे `कंटेन्सकी` विचारल्याशिवाय कळत नाही. रस्टमध्ये एकात एक दोन `ऑप्शन` मिळतात आणि दोन्ही अर्थ शाबूत राहतात. कोटलिनमध्ये `इंट??` म्हणजे शेवटी `इंट?`च, दुसरा थर विरून जातो. गोमध्ये दुसरी `ओके` व्हॅल्यू घेतली की प्रश्न सुटतो, घ्यायची आठवण मात्र राहिली पाहिजे.

टाइपस्क्रिप्टमध्ये `नल` आणि `अनडिफाइन्ड` (व्हॅल्यू दिलीच नाही) असे दोघे आहेत. `सवलत || १०` लिहिलं की ०चेही १० होतात, `??` हवं. फंक्शनच्या पॅरामीटरला दिलेली डिफॉल्ट व्हॅल्यू फक्त `अनडिफाइन्ड`ला लागते, नल तसाच आत शिरतो. आणि टाइप चालताना उरत नाहीत: बाहेरून आलेल्या जेसनमधला नल गुणाकारात चुपचाप ० होतो, तर `अनडिफाइन्ड`चा `एनएएन` (‘हा आकडा नाही’) होतो. मात्र ‘की आलीच नाही’ आणि ‘की आली, पण नल’ हा फरक जपायचा असेल, उदाहरणार्थ फक्त बदललेली फील्ड पाठवणाऱ्या एपीआयमध्ये, तर हेच दोघे उपयोगी पडतात. गोच्या `*इंट`मध्ये दोन्हींचा निल होतो, रस्टच्या सर्डे या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीत साध्या `ऑप्शन`मध्ये दोन्हींचा `नन` (रिकामा `ऑप्शन`). तिथे त्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

जावा कोड टप्प्याटप्प्याने हलवायचा असेल तर कोटलिन घ्या. पूर्ण नव्याने लिहायला वेळ असेल आणि चुकलेला आकडा महागात पडणार असेल तर रस्ट. गो ठरलीच असेल तर आधी फील्डची यादी काढा आणि ० व नलचा अर्थ जिथे वेगळा आहे तिथे पॉइंटर लावा. बाकीच्यांना लावू नका, कोड निल तपासण्यांनी भरून जाईल. भाषा कुठलीही असो, अशा प्रत्येक फील्डसाठी चार टेस्ट लिहा: ‘की’च नाही, नल, ० आणि २५. जुन्या जावा कोडचं आउटपुट जपून ठेवा आणि नवा कोड त्याच्याशी ओळीने ओळ ताडून बघा.