भोपळ्याच्या बियांचे तेल आणि भोपळ्याचा फेस मास्क: तेल घ्यावे, मास्क राहू द्यावा

लाल भोपळ्याचे घटक असलेली त्वचेसाठीची उत्पादने हल्ली ऑनलाइन दुकानांत सर्रास मिळतात. त्यांपैकी एकाच कंपनीची दोन उत्पादने, म्हणजे बियांचे कोल्ड प्रेस्ड तेल आणि ‘एन्झाइम’ फेस मास्क, मी गेल्या हिवाळ्यात वापरली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मास्कविषयीची माझी तक्रार या प्रकारातल्या बऱ्याच उत्पादनांना लागू पडेल अशी आहे.

आधी तेल. गडद तपकिरी काचेच्या ३० मिलीच्या बाटलीत ड्रॉपर आहे. बाटलीत लालसर काळे दिसणारे हे तेल तळहातावर थेंबभर पसरले की स्वच्छ हिरवे दिसते. थर जाड असला तर लाल आणि पातळ असला तर हिरवा, हा या तेलाचा मूळ गुणधर्म आहे आणि तो बियांतील प्रोटोक्लोरोफिलसारख्या रंगद्रव्यांमुळे येतो. म्हणूनच फिकट पिवळे तेल कोणी याच नावाने विकत असेल, तर ते रिफाइंड केलेले असण्याची शक्यता धरावी. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांताचे भोपळबियांचे तेल जगप्रसिद्ध आहे आणि १९९६ पासून त्याला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षणही आहे. पण ते बिया भाजून काढतात आणि सॅलडवर घालतात. चेहऱ्यासाठी न भाजलेल्या बियांचेच तेल बरे. याचा वास भिजवलेल्या बियांसारखा किंचित कच्चट आहे, तो थोड्या वेळात जातो.

रात्री चेहरा धुऊन तो ओलसर असतानाच दोन-तीन थेंब लावले, तर हे तेल खोबरेलापेक्षा लवकर मुरते आणि सकाळी गालांना कोरडेपणाची ओढ जाणवत नाही. यामागे ठोस कारण आहे. या तेलात लिनोलेइक आम्ल साधारण ३५ ते ६० टक्के असते, खोबरेल तेलात ते जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्वचेच्या वरच्या थरातील ओलावा धरून ठेवणाऱ्या स्निग्ध घटकांच्या बांधणीत हेच आम्ल लागते. शिवाय ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कुळातील गॅमा टोकोफेरॉल आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल्सही त्यात आहेत. मात्र लिनोलेइक आम्लच हवे असेल, तर आपल्या सोलापूर भागात पिकणाऱ्या करडईच्या तेलात ते सहसा याहूनही अधिक असते आणि घाण्यावर ते कितीतरी स्वस्त मिळते, हे जाहिरातीत कोण सांगणार?

डब्यावर ‘जखमा भरून काढते, केस वाढवते’ असेही छापले आहे. जखमांविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ट्युनिशियातील संशोधन उत्साहवर्धक आहे, पण ते उंदरांवरचे आहे. केसांविषयीच्या २०१४ च्या कोरियन चाचणीत पुरुषांना २४ आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम तेल कॅप्सूलमधून पोटात दिले होते आणि त्या कॅप्सूलमध्ये इतर घटकही होते. ड्रॉपरने डोक्याला तेल लावणाऱ्याने त्या निष्कर्षावर हक्क सांगू नये.

मास्कची गोष्ट वेगळी. ट्यूबवर कापलेल्या भोपळ्याचे मोठे चित्र आहे, पण घटकांच्या यादीत पाणी, ग्लिसरीन, केओलिन माती आणि ग्लायकोलिक आम्ल (त्वचेवरच्या मृत पेशींचा थर सैल करणारे) आधी येतात, आणि भोपळ्याच्या गराचा अर्क येतो तो फिनॉक्सिइथेनॉल या संरक्षकाच्याही नंतर. हे संरक्षक सहसा १ टक्क्याच्या मर्यादेतच वापरतात आणि यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा अर्काचा वाटा त्याहून जास्त नसावा. त्यातून भोपळ्याला केशरी रंग देणारे बीटा कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी-ग्लिसरीनमध्ये काढलेल्या अर्कात ते फारसे उतरत नाही. (ते शरीरात पोचवायचे असेल, तर तळलेले घारगे अधिक भरवशाचे.) मास्क धुतल्यावर चेहरा मऊ लागतो हे खरे, पण लावल्यावर होणारी चुणचुण आणि तो मऊपणा या दोन्हींचे श्रेय मी ग्लायकोलिक आम्लाला देईन. हे आम्ल त्वचेला उन्हाबाबत अधिक संवेदनशील करते, म्हणून दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन अनिवार्य ठरते; ही सूचना ट्यूबच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत आहे की भिंग लागावे.

तेल घेणाऱ्यांनी उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावे, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि पांढऱ्या अभ्र्यावर हिरवट डाग पडतात हे ध्यानात ठेवावे. लिनोलेइक आम्ल भरपूर असलेली तेले लवकर खवट होतात, त्यामुळे उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवणे इष्ट. रोजच्या दोन-तीन थेंबांना ३० मिली फारच पुरते. कंपनीने १५ मिलीची बाटली काढली, तर तेल ताजे असतानाच संपेल.