ऑन-३० शे इंजिनाचं किट: काही महिने चालवल्यावर, मुख्यतः गिअरबद्दल

शे म्हणजे जंगलातली लाकडं ओढणारं, गिअरवर चालणारं जुनं वाफेचं इंजिन. माझ्याकडे त्याचं ऑन-३०, म्हणजे १:४८ मापाचं, ३० इंची रुळावरचं मॉडेल आहे. चढावर ते अडखळायला लागलं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक’. शे बांधलेल्या माणसाला यापुढचं सांगायची गरज नाही. बोगी (चाकं बसवलेली खालची चौकट) उतरवली तर चारपैकी दोन बेव्हल गिअरच्या, म्हणजे तिरक्या दातांच्या गिअरच्या, हबला (मधल्या भागाला) केसासारखी भेग. भेगेपाशी दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि पिनियनचा (त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरचा) दात तिथे अडतो, एवढीच ती ‘टक’.

नायलॉनचा गिअर जाड ॲक्सलवर ठोकून बसवलाय. तो कायम ताणाखाली, म्हणजे आज ना उद्या तडकणारच. आणि शेमध्ये सगळा जोर याच गिअरमधून जातो. उजवीकडे तीन उभे सिलिंडर, खाली लांब शाफ्ट, शाफ्टवरचे पिनियन आणि चाकांच्या बाहेरच्या तोंडावर हे गिअर. इफ्रेम शे यांनी १८८१ साली पेटंट घेतलं ते जंगलातल्या कच्च्या, चढाच्या रुळांसाठी. यंत्रणा मुद्दाम उघड्यावर ठेवलेली, म्हणजे बिघाड झाला तर हात सहज पोचतो. या किटवाल्यांनी ते रूप हुबेहूब उतरवलं, पण गिअर सुटा विकत मिळत नाही! मेल केला तर उत्तर आलं की गिअर झिजणाऱ्या भागांत मोडतो, वॉरंटी नाही, पूर्ण बोगी घ्या. वर कुरिअर आणि कस्टम्स. चार आण्याच्या प्लॅस्टिकसाठी एवढे पैसे मी देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

बाकी किट मनापासून आवडलंय. बॉयलर डावीकडे सरकवलेला आहे, सिलिंडरच्या वजनाला तोल म्हणून, आणि ती असमानता समोरून पाहताना फार सुंदर दिसते. व्हाइट मेटलच्या (लवकर वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूच्या) भागांवर सुरुवातीला मी नाराज होतो, पितळी हवे होते. आता मत बदललंय. त्या वजनामुळे सगळी चाकं रुळाला घट्ट धरतात, करंट तुटत नाही, आणि लाकडाच्या भरलेल्या गाड्या ओढताना चाक घसरत नाही. फक्त हे भाग नेहमीच्या सोल्डरिंग गनने जोडायला जाऊ नका, वितळतील. इपॉक्सी वापरा.

बदल म्हणाल तर हेडलाइटला पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेला पिवळसर एलईडी, कॅबच्या मागे जळाऊ लाकडाचा ढीग. गाड्यांवरचे ओंडके टिंबर मार्केटमधून उचलून आणलेल्या सालीसकटच्या फांद्यांचे. खरं रेडवुडचं दोन मीटर जाडीचं खोड १:४८ मध्ये चार सेंटिमीटरच्या वर जातं, त्यामुळे काटक्या चालत नाहीत, चांगली मनगटाएवढी फांदी लागते. रंग मात्र पावसाळ्यात मारू नका. पुण्याच्या जुलैतल्या दमट हवेत स्प्रेवर पांढुरकी झाक येते.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, नेहमी विचारलं जातं. ३० इंच म्हणजे ७६२ मिमी, आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा होता तोच. १:४८ मध्ये तो १५.९ मिमी होतो, रूळ मिळतो १६.५ मिमीचा. डोळ्याला काही कळत नाही.

पुन्हा गिअर. शेवटी आमच्या भागातल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी हब हातात घेऊन लगेच सांगितलं, “भोक किंचित मोठं करू आणि वरून पितळी रिंग चढवू.” कुरिअरच्या खर्चापेक्षा कमी पैशांत चारही गिअर झाले, न तडकलेलेसुद्धा. आता त्याच चढावर चाल एकसारखी आहे, टक गेली.

किट घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण बोगी जोडण्याआधीच रिंग बसवून घ्या, जोडल्यावर गिअर काढताना ॲक्सल वाकतो. रिंगचं आतलं माप हबपेक्षा अगदी नखभर कमी हवं. सैल रिंगेचा उपयोग नाही, आणि फार घट्ट झाली तर हब आत दाबला जातो. मोठ्या केलेल्या भोकात गिअर सरकू नये म्हणून ॲक्सलवर बेअरिंग फिटिंगच्या (घट्ट चिकटवणाऱ्या) लिक्विडचा एकच थेंब, तोही दातांपासून लांब.