स्टेन्ड ग्लासचा दोन दिवसांचा क्लास, पहिला अख्खा दिवस नुसती काच कापली

मुंबईत राजाबाई टॉवरच्या लायब्ररीतल्या रंगीत काचा बघितल्यापासून हे शिकायचं डोक्यात होतं, शेवटी मागच्या शनिवार-रविवारी पुण्यात एका ताईंच्या क्लासला गेले. त्या जुन्या खिडक्यांत काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवतात, इथे कॉपर फॉइलची पद्धत (प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून मग जोडायचं) शिकवतात, छोट्या कामाला ती सोपी पडते.

पहिला दिवस रंगीत काचेला हातच लावू दिला नाही. साधी खिडकीची काच, कटर आणि रॉकेलची बाटली, बस. खरं सांगते, दुपारपर्यंत मला वाटलं पैसे वाया गेले, पण ताई आवाज ऐकायला लावत होत्या, कटर नीट चालला की रेशीम फाटल्यासारखा बारीक एकसारखा आवाज येतो, जास्त दाबलं की करकर होते आणि रेघेवर पांढरा भुगा दिसतो. एकदा ओढलेल्या रेघेवरून परत कटर फिरवायचा नाही, काच हवी तिथे तुटत नाही आणि कटरचं चाकही खराब होतं. संध्याकाळी माझी काच टक्कन सरळ तुटली तेव्हा कळलं की हा दिवस किती गरजेचा होता.

दुसऱ्या दिवशी जास्वंद केली. पाकळीची आतली गोलाई एका दमात कापली जात नाही, छोट्या छोट्या चकत्या काढत पकडीने कुरतडत जायचं, माझ्या दोन लाल काचा गेल्या त्यात (जादा काचेचे पैसे घेतले नाहीत, हे आवडलं). मग ग्राइंडरवर कडा घासायच्या, कडेला फॉइल दोन्ही बाजूंना सारखी, फ्लक्स (डाख नीट धरावी म्हणून आधी लावायचं रसायन) आणि डाख (वितळवून जोड द्यायचा धातू). फ्लक्स लावायला विसरलं की डाख नुसती गोळी होऊन घरंगळते, पसरतच नाही.

दोन गोष्टी मात्र सुधाराच. आठ जणांत एकच ग्राइंडर, त्यामुळे पाऊण तास नुसतं उभं राहिले. आणि डाख लावताना खोलीत फ्लक्सचा धूर कोंडतो, एक्झॉस्ट फॅन हवाच. हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू देत नाहीत ते मात्र एकदम बरोबर, डाखेत शिसं असतं हो.

जाताना बंद बूट घाला, काचेचे कण कुठेही उडतात. मी पुढच्या महिन्यात शिशाच्या पट्टीचं काम शिकायला परत तिथेच जातेय.