बंबाला लाकूड घालावं की कोळसा?

अंघोळीचं पाणी तापवायला बंब ठेवायचाच, एवढं ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सोलर, गॅस गीझर आणि विजेचा हीटर यांचा विषय इथं काढत नाही. आमच्याकडं सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ, वेण्णेच्या खोऱ्यात, जून ते सप्टेंबर उन्हाचं तोंड दिसत नाही. वीज पहिल्या झडीलाच जाते, आणि सहा माणसांच्या अंघोळीवर सिलिंडर संपवायला मन धजत नाही. राहिला बंब. त्यात लाकूड जाळत राहायचं की कोळशावर जायचं, हे मला तीन पावसाळ्यांपूर्वी ठरवावं लागलं.

कोळसा म्हणजे इथं लोणारी कोळसा, लाकडाचाच भाजून केलेला. दगडी कोळसा घरच्या बंबात घालायचा विचार काहीजण करतात, कारखान्याच्या बॉयलरला येतो त्यातलं एखादं पोतं कुणाच्या तरी ओळखीनं मिळतं म्हणून. मी सांगेन, नको. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखच वजनाच्या तीस-चाळीस टक्के निघते. तो पेटायला जड, गंधकाचा वास सोडणारा, आणि जाळीवर त्याचे खंगर, म्हणजे राख वितळून झालेले कठीण गोळे, धरतात ते सळईनं फोडत बसावं लागतं. त्याच्यासाठी भट्टी वेगळी, हवेचा झोत वेगळा. अंघोळीच्या पाण्याचं ते काम नव्हे.

माझा आधीचा बंब पत्र्याचा, पुढं चौकोनी तोंड असलेला, लाकडाचा. सोळा वर्षं वापरला. आताचा तांब्याचा, मधल्या नळीत कोळसा घालायचा, तळाला बिडाची जाळी, बाजूला तोटी. दोन्हींनी पाणी उत्तम तापतं, त्यात डावंउजवं करण्यासारखं काही नाही.

लाकडाबद्दल लोक पहिली तक्रार धुराची करतात. ती खरी आहे, विशेषतः पावसात. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणीच असतं, आणि आमच्या हवेत ते उन्हाळाभर वाळवलं तरी आषाढात परत दमट होतं. असं लाकूड आधी स्वतःचं पाणी उकळतं आणि मग आपलं. नळीत डांबरासारखी चिकट काजळी बसते ती वेगळीच. पण खरं सांगतो, धुराची सवय होते. धुरानं मला बंब बदलायला लावला नाही.

बदलायला लावलं ते जळण सारण्यानं.

ज्यांनी लाकडाचा बंब चालवलाय त्यांना हे सांगायला नको, पण ज्यांच्या घरी हे काम दुसरंच कुणीतरी करतं त्यांनी जरा नीट वाचावं. दीड-दोन हात लांबीचं लाकूड निम्मं आत आणि निम्मं बाहेर असतं. आतलं टोक जळत जाईल तसं बाहेरचं पुढं ढकलत राहायचं. सात-आठ मिनिटांनी जाळ तोंडाशी येतो आणि पाण्याला आच लागायची थांबते. मग कुणीतरी उठून जायचं. वाकायचं, लाकूड आत सारायचं, राख उकरायची, फुंकणी मारायची, डोळे पुसत परत यायचं. कणीक निम्मी मळून होते न होते तोवर पुन्हा तेच. सकाळी पाच ते सात या दोन तासांत हे पंधरा वेळा होतं.

आमचा बंब परसातल्या पडवीत आहे, स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर, आणि त्यातली चार पावलं पावसात. बायको डब्याच्या चपात्या लाटत असायची, मी गोठ्यात, मुलगी अभ्यासाला बसलेली. आई आतून आवाज द्यायची, "आरं, जळण सारलंस का?" मला ऐकू यायचं नाही. मग बायको मुलीला म्हणायची, "जा गं, जरा बघून ये." मुलगी वही ठेवून उठायची. आणि कुणीच उठलं नाही तर आई स्वतः भिंतीला धरून उठायची. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. ती बंबापुढं बसली की तिला उठवायला दोघं लागायचे.

लहान ढलप्या करून आत टाकाव्यात म्हणजे सारायला नको, असं सुचवणारे भेटतात. मी तेही केलं. ढलपी पाच मिनिटांत भुर्रकन जळून जाते, म्हणजे जायच्या खेपा तेवढ्याच, आणि वर रविवारचा अर्धा दिवस कुऱ्हाडीवर.

एका श्रावणात पहाटे कुणाचंच लक्ष नव्हतं. लाकूड तोंडाशी जळून तुटलं आणि पेटता तुकडा बाहेर पडला. शेजारी भुईमुगाच्या टरफलांचं पोतं होतं. त्याचा कोपरा धुमसायला लागला होता तेव्हा आईला वास आला. तिनं बादलीभर पाणी ओतलं म्हणून पुढचं टळलं. वर आडव्या वाशांवर वर्षाचं सरपण रचलेलं होतं. मी गोठ्यातून आलो तेव्हा ती ओल्या पोत्यापाशी बसलेली होती आणि तिचे हात थरथरत होते. त्या पंधरवड्यातच मी कोळशाचा बंब बघायला बाहेर पडलो.

कोळशाचं असं आहे की एकदा भरला की भरला. नळीत दीड किलोच्या आसपास कोळसा घालतो, तेवढ्यात आमच्या सहाही अंघोळी होतात. लाकूड पाच-सहा किलो लागायचं. हे काही तराजूवर रोज तोलून सांगत नाही, पोतं किती दिवस पुरतं त्यावरून सांगतोय. कोरड्या लाकडात किलोमागं साडेतीन-चार हजार किलोकॅलरी उष्णता असते आणि चांगल्या लोणारी कोळशात सात हजारांच्या आसपास, हे बघता अंदाज फार चुकीचा नसावा. शिवाय लाकडाचा निम्मा जाळ नळीतून वरच्या वर निघून जातो. निखारा जागेवर बसून नळीच्या भिंतीला आच देतो.

पैशाचं म्हणाल तर आमच्या भागात कोळसा किलोमागं लाकडाच्या तिप्पट-चौपट भावानं मिळतो, म्हणजे विकतचं लाकूड जाळणाऱ्याचा हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो. बांधावरची स्वतःची झाडं असतील, दरवर्षी आंबा-जांभळाची छाटणी निघत असेल, तर लाकूडच स्वस्त. त्यात वाद नाही.

आता कोळशाची खोड सांगतो. तो पेटायला वेळ घेतो. लाकडावर वीस मिनिटांत पहिली बादली निघायची, कोळशावर पस्तीस-चाळीस मिनिटं धरा. रॉकेल आता मिळत नाही, त्यामुळं मी नारळाची शेंडी आणि मक्याची दोन बुरकुंडं खाली पेटवून वर कोळसा सोडतो. पहिली दहा मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घालावा लागतो. एकदा धरला की मात्र नऊ वाजेपर्यंत तिकडं बघावं लागत नाही. ज्यांच्याकडं एकाला पाच वाजता आणि दुसऱ्याला पाच-वीसला घाईनं निघायचं असतं, त्यांना हे अडचणीचं वाटेल. आम्ही पेटवायची वेळ वीस मिनिटं अलीकडं घेतली.

दुसरी गोष्ट पाण्याची. लाकूड ओढून काढलं की जाळ संपला. निखारा ओढून काढता येत नाही. शेवटच्या माणसानं तोटीतून सगळं पाणी काढून घेतलं आणि बंब तसाच सोडला, तर रिकाम्या तांब्याला आच लागत राहते. पाणी असतं तोवर तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही, पण कथील-शिशाच्या डागाला, म्हणजे जोडलेल्या सांध्याला, सुटायला दोनशेच्या आसपासची उष्णता पुरते. पहिल्याच महिन्यात आमच्या तोटीचा डाग सुटला आणि बंब तांबटाकडं न्यावा लागला. तेव्हापासून शेवटी अंघोळ करणारा दोन बादल्या गार पाणी ओतूनच बाहेर येतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय कुणी कोळशावर जाऊ नये. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, माणूस खोकतो आणि आपोआप बाहेर पडतो. कोळशाला धूर नाही, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी पटीनं घट्ट चिकटतो आणि माणसाला कळायच्या आत गुंगी आणतो. सुरुवातीला धूर नाही म्हणून मी बंब न्हाणीघरातच आणला होता. आठव्या-नवव्या दिवशी मुलगी अंघोळ करून आली ती कपाळ दाबतच. डोकं ठणकतंय, मळमळतंय म्हणाली. थंडीमुळं तिनं झरोक्याला फडकं लावलं होतं. त्याच दुपारी बंब परत पडवीत गेला. कोळशाचा बंब उघड्यावर किंवा तीन बाजूंनी मोकळ्या जागीच असावा. आणि उरलेले निखारे घमेल्यात घेऊन झोपायच्या खोलीत शेकायला ठेवायचे नाहीत, डिसेंबरात कितीही काकडलं तरी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दंव गोठतं त्या दिवसांत आमच्या खोऱ्यातही रात्री सोसवत नाहीत, पण दारं-खिडक्या बंद करून निखाऱ्याची ऊब घेणं जिवावर बेततं.

राखेचं आईला वाईट वाटतं. लाकडाची राख भांड्यांना, मिरचीवरच्या माव्याला, कडधान्यात घालून ठेवायला, सगळ्याला उपयोगी पडायची. कोळशाची राख जेमतेम मूठभर निघते. शेजारून थोडी मागून आणतो.

दिवाळीचं वेगळं सांगायला हवं. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिंच लावून बंब घासायचा, पाणी भरायचं, हळद-कुंकू लावायचं, आणि पहाटे चारपासून वीस माणसांना एकामागून एक कढत पाणी द्यायचं. तिथं लाकूडच हवं. मोठा जाळ पाहिजे तेव्हा मोठा करता येतो, ते कोळशाला जमत नाही. त्यासाठी जुना पत्र्याचा बंब मी मोडीत घातला नाही, आणि बाभळीची एक मोळी वाशावर ठेवलेली असते.

उसाच्या बगॅसचे, भुश्याचे दाबून केलेले ओंडके सांगली-साताऱ्याकडं पांढरा कोळसा म्हणून मिळतात. नावात कोळसा असला तरी गुण लाकडाचे. जाळ करून जळतात आणि कोरडे असतात म्हणून धूर कमी, पण पाणी लागलं की फुगून भुगा होतो. आमच्या पावसात मला ते टिकवता आले नाहीत. कोरड्या भागात कदाचित चांगले चालतील.

आणि भाग बघूनच ठरवायला हवं, हे मला मान्य आहे. माण, खटाव, आटपाडी, जत इकडं लाकूड बाराही महिने खडखडीत राहतं. बांधाला बाभूळ असते, पाऊस मोजका. तिथं घरात सतत कुणीतरी अंगणात वावरणारं असेल तर मी लाकूड सोडा म्हणणार नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यात मात्र, आणि जिथं सकाळी घरातली सगळी माणसं कामाला जुंपलेली असतात तिथं, मला कोळसा उजवा वाटतो.

झाडांचा विचार माझ्याही मनात येतो. साध्या भट्टीत चार-पाच किलो लाकडातून किलोभर कोळसा निघतो. म्हणजे माझ्या दीड किलोमागं सहा-सात किलो लाकूड कुठंतरी जळलेलंच असतं, लाकूड कमी लागतं असा दावा मला करता येणार नाही. म्हणून मी शक्यतो वेडी बाभळीचा कोळसा मागतो. ती तोडली तरी खोडापासून पुन्हा फुटते आणि दुष्काळी पट्ट्यात रानंच्या रानं व्यापून बसलीय. बहुतेक वखारवाले खरं काय ते सांगतात. भट्ट्यांवर राबणारी कातकरी कुटुंबं कोणत्या दरानं राबतात हे मात्र वखारीत विचारून कळत नाही, आणि ते मला टोचतं.

घ्यायचाच असेल तर एप्रिल-मेमध्ये घ्या. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, चांगला भाजलेला कोळसा काचेसारखा खणखण वाजतो. बद्द आवाज आला तर आत कच्चं लाकूड राहिलंय, ते धूर करणार. पोत्याच्या तळात हात घालून चुरा किती ते पाहा, कारण चुरा जाळीतून खाली गळतो आणि हवा कोंडतो. हाताला ओल लागली तर पोतं परत करा, कोळसा पाणी पितो आणि आपण त्या पाण्याचे पैसे भरतो. घरी आणल्यावर जमिनीवर न ठेवता फळीवर, प्लास्टिकच्या पिंपात झाकण लावून ठेवायचा. आमची चार पिंपं भरली की दसऱ्यापर्यंत बघायला लागत नाही. सकाळी पेटवायचं काम आता आई करते, स्टुलावर बसून, आणि बंब धरला की उठून आत येते, चहा टाकते.