‘केम्निट्झ नको, बर्लिनच घ्या’: बडोद्यात आमची झालेली फसवणूक

बडोद्यातल्या ज्या मुलामुलींचं जर्मनीला जायचं चाललं आहे, त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे शेवटपर्यंत वाचा. अलकापुरीतल्या एका कन्सल्टन्सीने आम्हाला २ लाख ६० हजारांना गंडा घातला आणि माझं एक सेमिस्टर घालवलं. पोलिसांत तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी सांगते, कारण उद्या दुसऱ्या दारावर दुसरी पाटी लागेल, पद्धत हीच राहील.

मी कलाभवनातून मेकॅनिकल केलं, मग मकरपुरा जीआयडीसीत नोकरी केली. मास्टर्ससाठी मी केम्निट्झ, मॅग्डेबर्ग आणि ड्रेस्डेन ही तीन शहरं काढली होती. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. एवढ्यात म्युनिकमध्ये राहणं अवघड आहे, भाडं तिथे देशात सगळ्यांत जास्त. शिवाय म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठ २०२४च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्यांकडून फी घेतं, आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात तर २०१७ पासूनच सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. पूर्वेकडच्या या तीन शहरांत सरकारी विद्यापीठांना ट्यूशन फी नाही, खोली परवडते, आणि केम्निट्झ तर जुनं यंत्र बनवणाऱ्यांचं गाव. माझ्या विषयाला याहून चांगली जागा मला आजही सुचत नाही.

एपीएसचं, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं, प्रमाणपत्र मी स्वतः काढलं होतं. १८ हजार रुपये फी आहे आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या मुलांना ते लागतंच. पुढच्या अर्जांसाठी बाबांच्या ओळखीतून या कन्सल्टन्सीवाल्या माणसाकडे गेलो. दांडिया बाजारात वाढलेला, शुद्ध मराठी बोलणारा. बाबांना काका, आईला मावशी. ‘काका, आपल्या माणसाला मी फसवीन का?’ हे वाक्य त्याने पहिल्याच भेटीत म्हटलं. तीन सरकारी विद्यापीठांच्या अर्जांचं पॅकेज ६० हजार. मूळ मार्कशीट्स ‘फाइलसाठी’ ठेवून घेतल्या.

माझी यादी बघून मला म्हणाला, ‘केम्निट्झला कोण जातं, बेटा? नोकऱ्या सगळ्या बर्लिनला.’ आईकडे वळून म्हणाला, ‘मावशी, मुलगी एकटी राहणार. बर्लिनला आपली बडोद्याची मुलं आहेत, सोबत होईल.’ आईचं अर्धं मन तिथेच वळलं, आणि कुठल्याही आईचं वळेल. बर्लिन वाईट शहर आहे असं मी म्हणत नाही. तिथेही सरकारी विद्यापीठं आहेत आणि तीही ट्यूशन फी घेत नाहीत. पण तो त्यांच्याबद्दल बोलतच नव्हता. त्याचं बोलणं एका खासगी कॉलेजबद्दल होतं, फी वर्षाला बारा-तेरा हजार युरो. सरकारी विद्यापीठ एजंटाला दमडी देत नाही, खासगी कॉलेजं मात्र अ‍ॅडमिशनमागे कमिशन देतात. शहर सुचवणाऱ्याला त्या शहरातून पैसे कोण देतं, हे आधी विचारा.

आता खरी मेख. जर्मनीतली बरीच सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांचे अर्ज युनि-असिस्ट नावाच्या संस्थेमार्फत घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. खातं विद्यार्थ्याने स्वतःच्या ईमेलवर उघडायचं असतं, अर्ज कुठवर आला ते तिथेच दिसतं. या माणसाने माझ्या नावाने एक नवा जीमेल काढला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. ‘सगळ्यांचं असंच करतो, मेल चुकत नाही’ हे त्याचं कारण. त्यामुळे विद्यापीठ मला काय म्हणतं आहे हे कळायची एकच खिडकी उरली, त्याचं व्हॉट्सअ‍ॅप.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी तिन्ही विद्यापीठांची नकारपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर आली. तिन्ही एकाच वेळी. घरात सुतक लागल्यासारखं झालं. लगेच त्याचा फोन, ‘बर्लिनची एक सीट आहे, दोन दिवसांत जाईल.’ सीट ब्लॉक करायला २ लाख. खातं कॉलेजचं नाही, कन्सल्टन्सीचंही नाही, एका व्यक्तीच्या नावाचं. ‘परदेशी पैसे पाठवायला वेळ लागतो, आमच्याकडून जातील’ असं सांगितलं. बाबांनी पीएफमधून भरले.

आठवड्याभरात पुढचा फोन. बर्लिनला खोली पक्की करून देतो, तीन महिन्यांचं डिपॉझिट आत्ताच द्या. खोलीची चौकशी मी आधीच करून ठेवली होती. जर्मनीत डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पटीहून जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत नाव नोंदवायचं, त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. तो कागद मिळेल का, असं विचारलं तर त्याला हा कागद काय असतो तेच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं मुलं पाठवणाऱ्याला!

त्या रात्री मी नकारपत्रं लॅपटॉपवर मोठी करून पाहिली. तीन वेगळी विद्यापीठं, पण मजकूर शब्दन्‌शब्द एक, सहीखालची रेघसुद्धा त्याच जागी. मॅग्डेबर्गच्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या ‘बर्ग’ला यूच्या जागी ई. तारीख अमेरिकन पद्धतीची, महिना आधी. जर्मन लोक दिवस आधी लिहितात आणि मध्ये टिंब देतात. मी माझ्या स्वतःच्या ईमेलवरून तिन्ही विद्यापीठांना नाव, जन्मतारीख आणि पत्राची प्रत पाठवली. मॅग्डेबर्गचं उत्तर आधी आलं. या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही आणि हे पत्र आमचं नाही. बाकी दोघांचंही तेच. अर्ज केलेच नव्हते. बर्लिनच्या त्या कॉलेजलाही लिहिलं, त्यांच्याकडे एक पैसा पोचला नव्हता.

ही सगळी उत्तरं हातात येईपर्यंत १५ जुलै उलटून गेला होता. हिवाळी सत्राच्या बऱ्याच अर्जांची ती शेवटची तारीख. नकारपत्रं जूनच्या शेवटी का आली, याचा अर्थ मला तेव्हा लागला. मुलगी घाबरलेली हवी, आणि स्वतः चौकशी करायला तिच्याकडे वेळ नको.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. बहुतेक पैसे पुढे गेलेले होते, खात्यात राहिलेले ४२ हजार गोठले आहेत. हा फोन पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत केला तर रक्कम अडवायची शक्यता खूप जास्त असते. पोलिसांचा फोन गेल्यावर मार्कशीट्स दुसऱ्या दिवशी घरी आल्या. बाबा अजून रात्री उठून बसतात. त्यांनी मराठी बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला यात त्यांचं काहीही चुकलं नाही, आणि हे मी त्यांना रोज सांगते.

आता अर्ज माझ्या ईमेलवरून, माझ्या पासवर्डने, माझ्या कार्डाने फी भरून चालले आहेत. शहरं तीच तीन. उन्हाळी सत्रासाठी बऱ्याच ठिकाणी १५ जानेवारीपर्यंत वेळ असतो.

कुणाला कॉलेजबद्दल शंका असेल तर अनाबिन या जर्मन सरकारी यादीत त्याचं नाव शोधा, समोर ‘एच प्लस’ हवं, म्हणजे ते मान्यताप्राप्त आहे. आणि बडोद्यात कुणाकडे असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं नकारपत्र पडलं असेल, तर एजंटाला न सांगता ते आजच विद्यापीठाच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला पाठवा. पत्र खोटं निघालं तर विद्यापीठाच्या उत्तराची प्रिंट घेऊन सायबर पोलिसांकडे या. तक्रारी जितक्या जास्त, तितकं आमचं प्रकरण पुढे सरकेल.