फेब्रुवारी की ऑक्टोबर: झारशाही नेमकी कोणी पाडली?

रशियाच्या झारला (सम्राटाला) लेनिनच्या बोल्शेविकांनी, म्हणजे तिथल्या कम्युनिस्टांनी, खाली खेचलं असं अनेकजण आजही धरून चालतात. ते चूक आहे. मार्च १९१७ मध्ये (जुन्या रशियन पंचांगाने फेब्रुवारीत) राजधानी पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. चार दिवसांत त्यांच्यावर गोळ्या झाडायला पाठवलेले सैनिकच त्यांना सामील झाले. प्स्कोव्हला रेल्वेच्या डब्यात झार निकोलस दुसऱ्याने पदत्यागावर सही केली. तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमध्ये होता!

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा (नव्या पंचांगाने नोव्हेंबरचा) मामला वेगळा. तो बोल्शेविकांनी आखून केलेला उठाव होता. पूल, तारघर, स्टेशनं ताब्यात घेतली आणि मग सरकार बसायचं तो हिवाळी राजवाडा. पडला तो झार नव्हे, झारनंतर आलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार. त्या सरकारने युद्ध थांबवलं नाही, जमिनीचा प्रश्न लोंबकळत ठेवला. बोल्शेविकांनी दुसऱ्याच दिवशी शांतता आणि जमीन, दोन्हींचे हुकूम काढले.

माझ्या मते खरी जनक्रांती फेब्रुवारीचीच. संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना जेमतेम चौथा हिस्सा मतं मिळाली, आणि जानेवारी १९१८ मध्ये एका बैठकीनंतर त्यांनी ती सभाच मोडून टाकली.