लिफ्टची एएमसी: मशीन रूममध्ये चोख, पिटमध्ये ढिली

सात मजले, सहा माणसांची म्हणजे ४०८ किलोची लिफ्ट, गिअरचं मशीन, ऑटो डोअर. देखभाल एएमसीवर, म्हणजे वार्षिक करारावर, एका स्थानिक कंपनीकडे, स्पेअर पार्टसकट.

मेकॅनिक महिन्याच्या महिन्याला येतो आणि मशीन रूमचं काम मन लावून करतो. ब्रेकचे लायनर (ड्रमला घासून मशीन थांबवणारे पट्टे) बघतो, गिअरबॉक्सचं तेल गळून ब्रेकच्या ड्रमवर येत नाही ना हेही पाहतो. लायनर झिजले की भरलेली लिफ्ट उतरताना मजल्याच्या खाली जाऊन थांबते. इथे लेव्हल नेमकी लागते. केबिन ओढणाऱ्या रोपला उगाच ग्रीस चोपडलेलं नाही, हे विशेष. ग्रीसने रोप शिव्हवर, म्हणजे मशीनच्या चाकावर, घसरतो, पण 'ऑइलिंग झालं' की खूश होणाऱ्या कमिट्या कमी नाहीत.

घोडं अडतं ते खाली. पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, उतरायची टाळाटाळ. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, केबिनचा धक्का झेलणारा बफर गंजतो. गव्हर्नर म्हणजे वेग वाढला की केबिनची सेफ्टी (रुळांना पकडणारा ब्रेक) ओढणारं यंत्र. त्याच्या रोपाला ताण देणारं वजन जमिनीला टेकलं, तर तो रोप सैल पडतो आणि केबिन सुसाट सुटली तरी सेफ्टी ओढली जाईलच असं नाही. वजन अधांतरी आहे का, एवढंच टॉर्च मारून बघायचं असतं. रिपोर्टवर मात्र दर वेळी 'पिट ओके'.

दरवाजेही अर्धवटच तपासतात. कार टॉपवरून, म्हणजे केबिनच्या छतावरून, इन्स्पेक्शन मोडमध्ये लिफ्ट हळू चालवत प्रत्येक मजल्याच्या दाराचं लॉक हाताने उचलायचं. लिफ्ट जागच्या जागी थांबली पाहिजे. इथे दोन-तीन मजल्यांवर उरकतात. लॉक बिघडलं की पॅनेलमध्ये जंपर (लॉकला वगळणारी वायर) मारून लिफ्ट चालू ठेवायची, हा या धंद्यातला जुना रोग. इथेही एकदा जंपर काढायचा राहिला होता. दार उघडं असताना लिफ्ट हलते ती अशानेच.

एआरडी, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर केबिन मजल्याला आणणारं यंत्र. त्याची चाचणी रिकाम्या केबिनवर होते. रिकाम्या केबिनला काउंटरवेटच (रोपच्या दुसऱ्या टोकाचं वजन) वर ओढतं, त्यामुळे दमलेल्या बॅटऱ्याही पास होतात. आत २०० किलोच्या आसपास, म्हणजे काउंटरवेटशी तोल साधेल इतकं वजन ठेवून मेन स्विच पाडायला सांगा, मग खरं काय ते कळतं.

लिफ्ट निरीक्षकाची तपासणी २०१७ च्या राज्य कायद्याखाली वेगळी होते. एएमसी आहे म्हणून ती टळत नाही.

एकूण या एएमसीला पाचपैकी तीन गुण. रिन्यू करताना पिट आणि कार टॉपचे तारखेसह फोटो, सगळ्या मजल्यांची लॉक चाचणी आणि व्हर्निअरने मोजलेला रोपचा व्यास रजिस्टरमध्ये, एवढं करारात घालून घ्या. १३ मिमीचा रोप १२ च्या खाली घसरू लागला की नव्या रोपची ऑर्डर द्यायला लावा.